मदत हवी आहे : एलएफपी बॅटरीचा टक्का अचानक घसरतोय

राहायला गुहागर. इलेक्ट्रिक गाडी 3 वर्षांची, 41,000 किमी झालेली, बॅटरी एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट), 30 युनिटची. परवा चिपळूणहून येताना मीटरवर 24 टक्के होते, चढ संपेपर्यंत एकदम 11. काळजात धस्स झालं.

एलएफपीत मधल्या टप्प्यात सेलचा व्होल्टेज जवळपास सपाट राहतो, त्यामुळे बीएमएसचा (बॅटरी सांभाळणाऱ्या यंत्रणेचा) चार्जचा अंदाज हळूहळू चुकत जातो आणि अधूनमधून 100 पर्यंत स्लो चार्ज करून तो जुळवावा लागतो, एवढं माहीत आहे. घोडं तिथेच अडतंय. पावसात रात्री लाईट जाते, चार्जिंग 90च्या आसपास तुटतं आणि सकाळी गाडी तशीच काढावी लागते. जूनपासून जेमतेम दोनदा 100 झाली, तेही लगेच प्लग काढला.

ओबीडी डोंगल (गाडीच्या पोर्टला लावून आतले आकडे वाचणारं उपकरण) लावून पाहिलं: 50 टक्क्यांना सेलमधला फरक 0.01 व्होल्ट, 100 ला 0.12. एक सेल सतत मागे. टायरची हवा, 12 व्होल्टची बॅटरी, अर्थिंग, सगळं तपासलं. सर्व्हिसवाले म्हणतात, एरर कोड नाही म्हणजे काही नाही. वॉरंटी चालू आहे, त्यामुळे पॅक उघडायचा नाही. घरी फक्त 15 अँपिअरचं सॉकेट, इन्व्हर्टरवर गाडी चार्ज होणार नाही.

ज्यांनी असा फरक खाली आणलाय त्यांना विचारतो: 100 झाल्यावर प्लग किती तास लावून ठेवायचा? मध्येच लाईट गेली तर बॅलन्सिंग (सगळे सेल एका पातळीवर आणणं) राहिलं तिथून पुढे सुरू होतं का, की पुन्हा पहिल्यापासून?