मदत हवी आहे: जिप्सीचं हेड घासल्यापासून इंजिन ठोकतंय

ऑटोक्रॉससाठी (मैदानातल्या ट्रॅकवरची वेळेची शर्यत) जुन्या जिप्सीचं १.३ लिटरचं १६ व्हॉल्व्ह इंजिन बांधतोय. ७४ मिमी बोअर, ७५.५ मिमी स्ट्रोक, म्हणजे एका सिलिंडरचे साधारण ३२५ सीसी. हेड (सिलिंडरवरचं झाकण) घासून घेतल्यावर ब्युरेटने (खुणा असलेली मापनळी) मोजलं. गॅस्केट धरून वर ३५ सीसी जागा उरते, म्हणजे कॉम्प्रेशन रेशो (मिश्रण किती पट दाबलं जातं) १०.३ च्या आसपास. मूळ ९ होतं. मेकॅनिकला थोडंसंच घासायला सांगितलं होतं, पण त्याचा हात सैल!

आता फुल थ्रॉटलला ३००० ते ४००० आरपीएममध्ये ठोके (मिश्रण आपोआप पेटल्याचा आवाज) ऐकू येतात, वर गेल्यावर थांबतात. स्टँडअलोन ईसीयू (स्वतः सेट करता येणारा इंजिनचा कॉम्प्युटर) आहे, वाइडबँड सेन्सरवर एअर-फ्युएल (हवा-पेट्रोल प्रमाण) १२.८ दिसतो. इग्निशन टायमिंग (पिस्टन वर पोचण्याआधी ठिणगी किती आधी पडते) तिथे ३० अंश आहे. ३ अंश मागे घेतलं तर आवाज कमी होतो, पण गाडी मेल्यासारखी चालते.

प्रश्न असा की जाड गॅस्केट टाकू की एक नंबर थंड (उष्णता लवकर सोडणारा) स्पार्क प्लग लावून बघू? गॅस्केट जाड केल्यावर पिस्टन आणि हेडमधली फट वाढून मिश्रण नीट ढवळलं जाणार नाही आणि ठोके उलट वाढतील अशी भीती वाटते. शिवाय हेड खाली आल्याने कॅमही (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) थोडा उशिरा चालत असणार. आधी कॅमची ॲडजस्टेबल पुली बसवून तो जागेवर आणावा का? कुणी हेच इंजिन साध्या पंपावरच्या पेट्रोलवर पळवलंय का? तुमचं टायमिंग किती होतं?