केंद्रात-राज्यात एकच पक्ष असला की परदेशी गुंतवणूक जास्त येते का?

रोखठोक: सगळे असंच म्हणतात, पण कंपनी तर नफा बघणार ना, मग पक्षाचा संबंध येतो कुठे?

चष्मिश: परवानग्यांमध्ये. जमीन-पाणी बऱ्याचदा राज्याच्या हातात, आयात शुल्क केंद्राच्या, दोघांचं जमत असेल तर फाईल सरकते नाहीतर बसा चकरा मारत.

उंटावरचा: एवढं सरळ नाहीये. अमेरिकेत २०२२ च्या इन्फ्लेशन रिडक्शन अ‍ॅक्टला (हरित ऊर्जेच्या कारखान्यांना सवलती देणारा कायदा) तेव्हा विरोधात असलेल्या रिपब्लिकनांचं एकही मत नव्हतं, तरी त्यातून आलेले बरेचसे कारखाने त्यांच्याच मतदारसंघात गेले, जमीन स्वस्त आणि युनियन कमजोर म्हणून.

चष्मिश: मग अमेरिकेतलंच विस्कॉन्सिन राज्य बघ. २०१७ ला रिपब्लिकन गव्हर्नर वॉकरनी फॉक्सकॉन ही तैवानची इलेक्ट्रॉनिक्स कंपनी आणली, घोषणा १० अब्ज डॉलर, १३,००० नोकऱ्यांची, २०१८ ला भूमिपूजनाला त्यांच्याच पक्षाचे राष्ट्राध्यक्ष ट्रम्प स्वतः हजर, त्याच वर्षी वॉकर निवडणूक हरले आणि २०२१ च्या नव्या करारात नोकऱ्या उरल्या १,४५४!

उंटावरचा: अरे पण कंपनीनेच आधी प्लॅन गुंडाळत आणला होता, सरकार बदललं म्हणून नाही. उलट निवडणुकीच्या तोंडावर घोषणा हवी म्हणून सवलती वारेमाप दिल्या, पक्षाचा खरा हात तिथे दिसतो.

रोखठोक: म्हणजे घोषणेचे आकडे सोडून प्रत्यक्ष आलेला पैसा बघायला हवा. तो राज्यवार कुठे मिळतो?