शेततळ्याचं पाणी जानेवारीत चांगलं होतं, आता पानं का जळताहेत?

अग्रणीकाठचा (ता. कवठेमहांकाळ):
दीड एकर सुपर सोनाका द्राक्ष आहे. जानेवारीत म्हैसाळ योजनेच्या पाण्याचं आवर्तन आलं तेव्हा शेततळं काठोकाठ भरून घेतलं. पाणी तपासलं होतं, ईसी (क्षारांचं माप) 0.6, पीएच 7.8. आता मे निम्मा झाला. तळं तळाला चाललंय म्हणून आठवड्यातून दोनदा बोअरचं पाणी त्यात सोडतोय. खरड छाटणीची (एप्रिलच्या छाटणीची) फूट सात-आठ पानांवर आहे आणि खालच्या पानांच्या कडा करपल्यात. काल ठिबकच्या लॅटरलची (ओळीतल्या नळ्यांची) टोकं सोडली, तर आधी हिरवं बुळबुळीत शेवाळ आलं, मग पांढरट कण. एक ड्रीपर कापून बघितला, आत चुन्यासारखा थर. दुकानदार म्हणतात पोटॅश कमी पडलंय. सोडू का? बाग पाच वर्षं पोरासारखी सांभाळलीय, जीव लागत नाही कशात.

मणेराजुरीकर:
दादा, पोटॅश थांबवा. त्यातून म्युरेट असेल तर अजिबात नको, त्यात क्लोराइड असतं. तुमचा रिपोर्ट जानेवारीच्या पाण्याचा. ऊन नुसतं पाणी नेतं, क्षार तळ्यातच राहतात. वर तुम्ही बोअर ओतताय. द्राक्षाला मातीची ईसी 1.5 च्या वर गेली की उत्पादन घटायला लागतं. तळ्याचा आणि बोअरचा नमुना वेगवेगळा द्या. बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळा, काठोकाठ भरा. सोडियम, क्लोराइड, बायकार्बोनेट मुद्दाम लिहून मागा, नाहीतर नुसता ईसी-पीएच देतात. मी दोन वर्षांपूर्वी हे न करता खतं बदलत बसलो, अर्ध्या बागेत घड धरणारी काडीच तयार झाली नाही.

जतचा डाळिंबवाला:
शेवाळाचं मी सांगतो. फूटव्हॉल्व्ह (पंपाच्या पाइपचं पाणी ओढणारं टोक) तळाला टेकलाय का? रिकाम्या कॅनला बांधून पाण्याखाली दोन-तीन फुटांवर तरंगता ठेवा. वर शेवाळ, खाली गाळ, मधलं पाणी त्यातल्या त्यात स्वच्छ. मासे सोडले असतील तर मोरचूद टाकू नका, मरतील. पांढऱ्या थराला ॲसिड लागेल, पण आधी बादलीभर पाण्यावर मात्रा काढा. ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये नाही. आणि ज्या दिवशी शेवाळासाठी क्लोरीन सोडाल त्या दिवशी ॲसिडला हात लावू नका. दोन्ही एकत्र आलं की विषारी वायू होतो.

अग्रणीकाठचा:
रिपोर्ट आला. ईसी तळ्याची 1.9, बोअरची 2.8. बोअरची पाइप त्याच संध्याकाळी तळ्यावरून काढली. फूटव्हॉल्व्ह खरंच गाळात रुतला होता, कॅनला बांधला. आता शेजाऱ्याच्या विहिरीचं पाणी तपासायला दिलंय, बरं निघालं तर पावसापर्यंत तेच घेणार. मणेराजुरीकर, मुळाशी साचलेले क्षार खाली न्यायला पाणी एकदम जास्त द्यावं, की पहिल्या पावसाची वाट बघावी? जमीन काळी आहे, निचरा कमी.