मांगाचा इतिहास प्राचीन चित्रगुंडाळ्यांपासून सुरू करावा का?

दृश्यवाचक (प्रश्न) :
युद्धोत्तर जपानमधील कथाप्रधान मांगा (जपानी चित्रकथा) या विषयावर मी पदव्युत्तर प्रबंध लिहीत आहे. पहिल्या प्रकरणात परंपरेचा आढावा घ्यावा, अशी मार्गदर्शकांची सूचना आहे. क्योटोच्या कोझान-जी मंदिराच्या मालकीच्या, बाराव्या-तेराव्या शतकांतील ‘चोजू-गिगा’ या प्राणिचित्रांच्या गुंडाळ्या, मग १८१४ पासून प्रसिद्ध होत गेलेले चित्रकार होकुसाईचे रेखाटनसंग्रह आणि अखेरीस युद्धोत्तर मांगाकार तेझुका ओसामू, अशी वंशावळ अनेक परिचयग्रंथांत आढळते. परंतु कुस्ती खेळणारे बेडूक-ससे आणि साप्ताहिकाचे छापील पान यांना जोडणारा दुवा मला पुराव्यानिशी दाखवता येत नाही. शिवाय माझ्या हाताशी मालिकांचे केवळ पुस्तकरूप संकलित खंड आहेत, मूळ नियतकालिके नाहीत. तेवढ्या सामग्रीवर प्रबंध उभा राहू शकेल का?

जुना छापखाना :
ही वंशावळ गाळू नका, पण तिला पार्श्वभूमी न मानता अभ्यासविषय माना. होसोकिबारा सेईकी यांनी १९२४ साली लिहिलेल्या इतिहासातच तिची मांडणी सापडते. स्वतः व्यंगचित्रे काढणाऱ्या माणसाला, मुद्रणावर पोसलेल्या आपल्या नव्या व्यवसायासाठी जुने कूळ का शोधावेसे वाटले, हा माझ्या मते बेडूक-सशांपेक्षा अधिक फलदायी प्रश्न आहे. पुराव्याने जोडता येते ती साखळी छपाईची आहे. व्यंगचित्रकार किताझावा राकुतेन यांची १९०२ मधील वृत्तपत्रीय पुरवणी, अमेरिकी व्यंगसाप्ताहिक ‘पक’च्या धर्तीवर त्यांनी १९०५ मध्ये काढलेले ‘टोकियो पक’, मुलांची मासिके, युद्धानंतर ओसाकात निघालेली स्वस्त पुस्तके, पुस्तके भाड्याने देणारी दुकाने आणि १७ मार्च १९५९ रोजी एकाच दिवशी सुरू झालेली ‘शोनेन मॅगझिन’ व ‘शोनेन संडे’ ही साप्ताहिके, असा तो क्रम आहे.

तेझुकांनाही आरंभबिंदू मानण्याची घाई करू नये. सर्व काही त्यांच्यापासून सुरू झाले असे गृहीत धरल्यामुळे पुढच्या पिढ्यांच्या मांगाकडे नीट पाहिलेच जात नाही, हा मांगा-समीक्षक इतो गो यांचा २००५ मधील युक्तिवाद अवश्य वाचा.

पानोपान :
दुसऱ्या प्रश्नाबाबत मी अधिक आग्रही आहे. संकलित खंड ही मूळ कृतीची निव्वळ नक्कल नव्हे. मासिकात रंगीत छापलेली पाने खंडात बहुधा कृष्णधवल होतात, समासातील संपादकीय मजकूर आणि जाहिराती गळतात, आणि तेझुकांसारखे लेखक तर खंड काढताना संवादच नव्हे, पूर्ण पानेही बदलत असत. ‘शोनेन जंप’ हे साप्ताहिक वाचकांनी पाठवलेल्या मतपत्रिकांवरून मालिकांची लोकप्रियता जोखत आले आहे. त्यामुळे एखादी कथा अचानक वळण का घेते याचे कारण पुष्कळदा अंकाच्या व्यवहारात असते, खंडाच्या पानांत ते दिसत नाही. या साप्ताहिकाचा खप १९९५ च्या सुमारास ६५ लाखांवर गेला होता, तरी स्वस्त कागदावरचे ते अंक वाचून टाकून देण्यासाठीच छापले जात असल्याने जुने अंक शोधावे लागतात. जुन्या शाळेच्या इमारतीत २००६ मध्ये सुरू झालेले क्योटो आंतरराष्ट्रीय मांगा संग्रहालय आणि मेइजी विद्यापीठाचे योनेझावा योशिहिरो स्मृती ग्रंथालय येथे चौकशी करा. प्रत्यक्ष जाणे शक्य नसेल, तर खंडांवर काम करता येईल. मात्र कोणत्या आवृत्तीवर विसंबला आहात हे प्रबंधात स्पष्ट लिहिले पाहिजे.

रेषाशोध :
छपाईचा आग्रह मला मान्य आहे, पण त्यापायी चित्रकलेचा इतिहास दुरावू नये. मागे शतकानुशतके जाण्याऐवजी आडवे पाहा. जपानी चित्रकार ताकेहिसा युमेजी यांची भावमधुर चित्रे घ्या. मुलींच्या मासिकांतील भावचित्रांची परंपरा त्यांच्यापासून पुढे युद्धोत्तर शोजो (मुलींसाठीच्या) मांगापर्यंत पोहोचते. दुसरीकडे १९२१ मध्ये टोकियोत शिकायला आलेले चिनी चित्रकार फेंग झिकाई हीच चित्रे पाहून प्रभावित झाले, आणि १९२५ पासून शांघायच्या नियतकालिकात त्यांची स्वतःची रेखाटने येऊ लागली. एकाच चित्रकाराकडून दोन देशांत दोन वेगळ्या वाटा फुटताना इथे दिसतात, आणि दोन्ही नियतकालिकांतूनच गेल्या आहेत. आशियाई दृश्यसंस्कृतीचा अभ्यास केवळ राष्ट्रीय परंपरांच्या चौकटीत केला की असे संबंध हातातून निसटतात.

दृश्यवाचक :
सर्वांची मनःपूर्वक आभारी आहे. पहिल्या प्रकरणात आता १९२४ ची मांडणी आणि तिच्यावरील आक्षेप घेते. उर्वरित प्रबंधासाठी १९७० च्या दशकातील मुलींच्या मासिकातील एकच मालिका निवडून, चौकटींच्या रेषा पुसून किंवा एकावर एक रचून पात्राचे मनोगत कसे साकारले आहे, हे तपासण्याचा विचार आहे. हागिओ मोतो किंवा ताकेमिया केइको यांच्यापैकी एकीची मालिका निवडीन.

पानोपान :
निवड उत्तम आहे. खिशात मावणाऱ्या छोट्या आकाराच्या आवृत्त्या मात्र टाळा, कारण पान लहान झाले की अशा मोकळ्या मांडणीतील रिकाम्या जागेचे प्रमाण आणि रेषेचा बारकावा या दोहोंचा अंदाज चुकतो.