मॉडेलची परीक्षा जुन्या तळ्यांत होते

'हवामानाची मॉडेलं आजच्या नोंदींवरच बसवलेली असतात, मग पुढचं काय सांगणार' ही शंका रास्त आहे, पण म्हणूनच तर ही मॉडेलं जुन्या काळावर चालवून बघतात, जिथे थर्मामीटर नव्हता पण पुरावा जमिनीत पडून आहे. अमेरिकन हवामानशास्त्रज्ञ जॉन कुट्झबाख यांचं १९८१चं काम बघा. ९००० वर्षांपूर्वी पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ यायची ती जुलैच्या सुमारास, आता येते जानेवारीत, पृथ्वीचा आसही थोडा जास्त कललेला, त्यामुळे उत्तर गोलार्धात उन्हाळ्यात सुमारे ७ टक्के जास्त ऊन. त्यांनी मॉडेलमध्ये फक्त कक्षेचे हे आकडे बदलले आणि आफ्रिका-आशियाचा मान्सून जोरदार झाला. आणि सहारात तेव्हा खरंच तळी होती! चाड देशातल्या बोडेले या सहारातल्या खोलगट भागात आज जी पांढरी भुकटी उडते ना, ती सूक्ष्मदर्शकाखाली धरली की गोड्या पाण्यातल्या डायटम शेवाळांची नक्षीदार कवचं दिसतात, म्हणजे ते वाळवंट तळ्याचा तळ आहे. मला हे फार थोर वाटतं.

आता दुसरी बाजूही सांगतो, नंतरच्या बऱ्याच मॉडेलांत पाऊस उत्तरेकडे पुरेसा सरकतच नाही, हिरवळ वाढली की जमीन गडद होते, धूळ कमी होते, हे त्यात धरलं की मॉडेलचं उत्तर सुधारतं पण पुराव्याच्या मानाने तरी कमी पडतं. आकडे हवे तसे फिरवता आले असते तर ही तूट इतकी वर्षं राहिलीच नसती.