पहिल्या गोळीने त्रास झाला म्हणून औषध सोडू नका

भावाचं हेरॉइनचं व्यसन सोडवण्यासाठी ब्युप्रेनॉर्फिन या औषधाची पहिली गोळी दिल्यावर तासाभरात घाम, उलट्या, थरथर सुरू झाली, म्हणून औषधच नको असं तुम्ही लिहिलंय. कृपया इतक्यात सोडू नका. हे बहुधा गोळी लवकर दिल्यामुळे झालं असावं. हेरॉइन शरीरात असतानाच हे औषध घेतलं तर ते मेंदूतल्या त्याच जागा घट्ट पकडतं, हेरॉइनला हुसकावून लावतं, पण स्वतःचा परिणाम मात्र अर्धवटच देतं, त्यामुळे नशा तुटल्याचा त्रास एकदम सुरू होतो. म्हणून शेवटच्या हेरॉइननंतर साधारण १२ ते २४ तास थांबून, जांभया, नाक गळणं, अंगदुखी नीट दिसू लागल्यावरच सुरुवात करतात. आधी मेथाडोन (याच व्यसनावरचं दुसरं औषध) चालू असेल तर आणखी जास्त थांबावं लागतं. गोळी जिभेखाली पूर्ण विरघळू द्यायची, गिळायची नाही.

हेरॉइनचा शेवटचा डोस कधी घेतला हे त्याने डॉक्टरांना खरं सांगायला हवं, आणि ते सांगता येईल असं वातावरण घरात ठेवा, रागावू नका.

हे औषध म्हणजे "एक नशा सोडून दुसरी" असं म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही. औषधाशिवाय हेरॉइन नुसतं बंद केल्यावर शरीराची ते सहन करायची ताकद उतरते. मग पुन्हा घेतलं तर जुन्याच मात्रेने श्वास थांबू शकतो. झालेला त्रास सांगून डॉक्टरांना आजच पुन्हा भेटा.