इंग्रजी गाण्यातला ‘मी’ : क्वीअर गायकांवर आमचा एवढा जीव का?

गच्चीवरचा रेडिओ (चर्चेचा धागा यांनी सुरू केला)

परवा सोलापूरच्या नव्या पेठेत चहा पिताना क्वीअर, म्हणजे प्रेम किंवा लिंगओळख चारचौघांसारखी नसलेल्या, गायकांवरून वाद झाला. एक जण म्हणाला, “गाणं आवडतंय ना, मग गाणारा कुणासोबत राहतो याच्याशी तुला काय करायचंय बे?” तेव्हा उत्तर सुचलं नाही. चार दिवस डोक्यात तेच होतं, म्हणून इथे मांडत आहे.

आमच्या घरी तेलुगू. आजीचं आयुष्य विड्या वळण्यात गेलं, आई अजून वळते. तेलुगूत ‘मी जातो’ आणि ‘मी जाते’ असे दोन प्रकारच नाहीत. मुलगा असो की मुलगी, ‘नेनु पोतानु’. शेजारच्या कन्नड घरातही तेच, ‘नानु होगतीनि’. मराठी शाळेत नाव घातल्यावर पहिल्यांदा कळलं की स्वतःबद्दल साधं वाक्य बोलायचं, तरी आपण कोण ते आधी ठरवावं लागतं. क्रियापदच सांगून मोकळं होतं. मराठीवर माझं प्रेम आहे, तक्रार भाषेची नाही. पण तेरा-चौदाव्या वर्षी, मनात काय चाललंय ते मलाच कळत नव्हतं तेव्हा, इंग्रजी गाणी कानावर पडली. त्यात ‘आय’ आणि ‘यू’. कोण कुणाला म्हणतंय ते शब्द सांगत नाहीत. आपल्याकडच्या प्रेमगीतांत मला कायम दुसऱ्याचे कपडे घालून उभं राहावं लागायचं. इथे तशी गरज पडली नाही.

मग एक दिवस वाचलं. ब्रिटिश गायक सॅम स्मिथने पहिला अल्बम आला तेव्हाच, २०१४ साली, सांगितलं होतं की ही गाणी एका पुरुषावरच्या प्रेमातून आली आहेत. अमेरिकन गायक फ्रँक ओशनने जुलै २०१२ मध्ये इंटरनेटवर पत्र टाकलं होतं, पहिलं प्रेम एका मुलावर होतं म्हणून. त्या रात्री गच्चीवर तीच गाणी पुन्हा ऐकली. सूर तेच, शब्द तेच, पण त्या ‘यू’ला आता चेहरा होता आणि तो मला ओळखीचा होता. गाणारा कोण आहे याने मला फरक पडतो, तो असा.

पार्क चौक

फरक पडू नये, असं माझं ठाम मत आहे. चाळीस वर्षं पाश्चात्त्य संगीत ऐकतोय. ‘क्वीन’ या ब्रिटिश बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरीचं उदाहरण घ्या. मूळ नाव फारोख बलसारा, झांझिबारला जन्मलेला पारशी मुलगा. आठव्या वर्षी पाचगणीच्या शाळेत आला आणि तिथल्या हेक्टिक्स नावाच्या शाळकरी बँडमध्ये पियानो वाजवायला लागला. म्हणजे आपल्या सातारा जिल्ह्यात वाढलेला पोरगा. तो खासगी आयुष्यावर बोलायचं टाळायचा. एड्स झाल्याचं निवेदन दिलं २३ नोव्हेंबर १९९१ ला, आणि दुसऱ्याच दिवशी गेला. जवळच्या माणसांचं खासगीपण जपायचं होतं म्हणून बोललो नाही, असं त्याच निवेदनात होतं. ज्याने आयुष्यभर दार लावून घेतलं, त्याचं दार तो गेल्यावर चाहते ढकलतात. हे मला पटत नाही. त्याचा आवाज पुरेसा आहे.

गच्चीवरचा रेडिओ

कुणाचं दार ढकलण्याच्या बाजूने मीही नाही. माझी उदाहरणं स्वतःहून सांगणाऱ्यांची होती. पण काका, ते दार का लावलं होतं तेही बघा की. त्याचं कुटुंब १९६४ मध्ये इंग्लंडला गेलं. तिथे १९६७ पर्यंत पुरुषाने पुरुषाशी संबंध ठेवणं हा गुन्हा होता. इंग्रजांनी तसाच कायदा इथे कलम ३७७ म्हणून ठेवला, आणि संमतीने एकत्र येणाऱ्या प्रौढांना गुन्हेगार ठरवणारा त्याचा भाग आपल्या सुप्रीम कोर्टाने दात काढल्यासारखा काढला ६ सप्टेंबर २०१८ ला. तोपर्यंत इथेही सगळी दारं बंदच होती. म्हणून बोलणाऱ्यांइतकाच गप्प राहिलेला फ्रेडीही आम्हाला आपला वाटतो. तशा गप्प बसण्याचा आवाज आम्हाला ओळखू येतो.

एकतारी

मी बाळीवेशीत राहतो. भजनी मंडळात तीस वर्षं गातोय. इंग्रजी गाण्यांतलं मला काही कळत नाही, पण बाळ, तू मराठीवर अन्याय केलास. ज्ञानोबांच्या विरहिण्या वाच. संत पुरुष आहेत आणि बोलतात विरहात जळणाऱ्या बाईच्या तोंडून. आमच्याकडे गवळण सुरू झाली की मिशांवर ताव देणारा पखवाजी ‘मी आले, मी भुलले’ म्हणत डोलतो. कुणी हसत नाही. तुझ्या इंग्रजीत पुरुषाला बाई होऊन गाता येईल का? तिथे बदलायला क्रियापदच नाही. जे तुला कुंपण वाटतं, ते आमच्या संतांना दार वाटलं.

पण एक सांगतो, राग मानू नकोस. ते सगळं विठ्ठलापायी आहे. त्याला देहाच्या प्रेमाच्या वादात ओढू नये.

गच्चीवरचा रेडिओ

आजोबा, कुंपण आणि दार हे तुमचं वाक्य मी वहीत लिहून ठेवलंय. हे मला शाळेत कुणी शिकवलं असतं तर बरं झालं असतं. पण गवळण संपली की पखवाजी काका ‘निघतो’ म्हणतात आणि चपला घालतात. आमचं वेगळेपण घरी जातानाही उतरत नाही. म्हणून देवासमोर नाही, तर चारचौघांत, भर दिवसा तसं राहणारं माणूस बघायला मिळणं आमच्यासाठी मोठं आहे.

टॉवेलची घडी

तुम्ही सगळे भाषेतच फिरलात. मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत पॅकिंगला आहे. मीही गे आहे, आणि या गायकांचा मला कवडीचा उपयोग झाला नाही. ब्रिटिश गायक एल्टन जॉन १९७६ मध्ये बायसेक्शुअल (बाई आणि पुरुष दोघांचंही आकर्षण) असल्याचं बोलला, तेव्हा तो जगभर गाजलेला होता. तिथलाच गायक जॉर्ज मायकल गे असल्याचं बोलला १९९८ मध्ये, पोलिसांनी पकडल्यावर, आणि तोवर त्याच्याकडे आयुष्यभर पुरेल इतका पैसा होता. त्यांच्याकडे वकील, बंगला, परदेशी जायला विमान. मी बोललो तर दुसऱ्या दिवशी खोली सोडावी लागेल. आपल्याकडे २०१६ मध्ये सहा हिजडा गायिकांचा बँड निघाला, चहाच्या ब्रँडच्या नावाने. फ्रान्समधल्या कान्सला जाहिरातींचं मोठं बक्षीस मिळालं. चांगलं झालं. पण सात रस्त्याच्या सिग्नलला टाळी वाजवणारीला त्यातून काय मिळालं?

मला जगवलं ते आमच्या खात्यातल्या एका मावशीने. तिने कधी काही विचारलं नाही, फक्त रोज डब्यातली भाकरी आणि शेंगाचटणी अर्धी माझ्याकडे सरकवली. तिला एकही इंग्रजी गाणं माहीत नाही. अशा माणसांवर जीव लावा.

मोदीखाना

टॉवेलची घडी, मावशीबद्दल वाचून डोळे भरून आले. तरी लांबच्या माणसाचा उपयोग होत नाही हे मी मानणार नाही, आमच्या घरात झालेला आहे. सासूबाई कन्नड, यल्लम्मा देवीला मानणाऱ्या. दारात परडी घेऊन जोगता (देवीला वाहिलेला, साडी नेसणारा) आला की पीठ घालायच्या, पण बोलताना ‘ते आलंय बघ’. माणसाला ‘ते’, जसं वासरू किंवा मांजर. मंजम्मा जोगती या कर्नाटकातल्या लोककलावंत, स्वतः तृतीयपंथी. २०१९ मध्ये तिथल्या जानपद (लोककला) अकादमीच्या अध्यक्ष झाल्या. २०२१ मध्ये राष्ट्रपती भवनात पद्मश्री घ्यायला गेल्या, तेव्हा आधी पदराने राष्ट्रपतींची दृष्ट काढली. आम्ही टीव्हीवर बघत होतो. सासूबाई जागच्या उठल्या आणि हात जोडले. पुढच्या मंगळवारी दारात जोगता आला, तर आतून म्हणाल्या, “त्या बाई आल्यात, पीठ आण.”

मी काही शिकवलं नव्हतं. कायदा तर त्यांना माहीतच नाही.

टॉवेलची घडी

हे मला माहीत नव्हतं. पण ताई, मंजम्मा तुमच्या सासूबाईंच्या भाषेतल्या होत्या, त्यांच्या देवीच्या होत्या. म्हणून पोचल्या. लंडनचा माणूस तसा पोचत नाही, एवढंच माझं म्हणणं. आपल्याकडचं कुणी आपल्या भाषेत गाईल, त्या दिवशी पहिलं तिकीट मी काढीन.

पार्क चौक

मी माझ्या मतावर आहे. कलाकाराने सांगितलं तर ऐकावं, न सांगितलं तर उकरू नये. पण धागा सुरू करणाऱ्याचं सगळं लिहिणं आज दोनदा वाचलं. तुम्ही तीनदा लिहिलंत आणि एकाही क्रियापदात स्वतःला ‘तो’ किंवा ‘ती’ म्हटलेलं नाही. मराठीत हे किती अवघड आहे ते मी करून पाहिलं. चार ओळींच्या पुढे जमलं नाही. असं रोज बोलावं लागत असेल, तर माणूस किती थकत असेल.

माझ्याकडे फ्रेडीच्या जुन्या कॅसेट आहेत, टेपरेकॉर्डर चालू आहे. कधी ऐकायला या. फक्त दारात ‘आलास’ म्हणू की ‘आलीस’, ते सांगा, म्हणजे चुकणार नाही.

गच्चीवरचा रेडिओ

‘आलात’ म्हणा काका, सध्या तेच बरं वाटतं. शनिवारी येणं जमेल, संध्याकाळी, आईच्या विड्या कारखान्यात देऊन झाल्यावर.